इतिवृत्तातलं नाव

अमृतराव मुखेड तालुक्यातल्या एका लहान गावचे पोलीस पाटील. लातूरच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. लहान मुलीशी वाईट वागलेला मुलगा निरीक्षणगृहातून परत आला, तर गावानं काय करायचं? त्याला हाकलायचं नाही, मोकळंही सोडायचं नाही. चौघांनी मिळून लक्ष ठेवायचं. नाव चौघांबाहेर जाऊ द्यायचं नाही.

गावात असा एकजण येणार होता. व्यंकटी, पंधरा वर्षांचा. गुन्हा औशाकडे, मामाच्या गावी झालेला. त्याच्या आईनं ते विश्वासानं अमृतरावांना सांगितलं; इथं बाकी कुणाला ठाऊक नव्हतं.

शाळा भरताना-सुटताना व्यंकटी अमृतरावांच्या नजरेसमोर, त्यांच्या शेतात असायचा. अंगणवाडीच्या राजकन्याताई त्याच्या आईला, सिद्धम्माला, भेटून यायच्या. शाळेचे मास्तर त्याचा अभ्यास घ्यायचे. दर गुरुवारी चुलता त्याला समुपदेशनासाठी नांदेडला न्यायचा. चार महिने नीट गेले.

"पाटील, सोताच्या लेकरामागं कधी एवढं फिरलात का?" राजकन्याताई चिडवायच्या.

बैठक झाली की ती रजिस्टरला चढलीच पाहिजे, ही अमृतरावांची जुनी शिस्त. चौघांची बैठकही त्यांनी ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिली. नावासकट.

जानेवारीत ग्रामसभा भरली. रिवाजाप्रमाणे ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त माइकवर वाचलं. पाणीपट्टी, दिवाबत्ती, मग चौघांची ती बैठक. अमृतराव धडपडत उठले, तोवर नाव कर्ण्यातून गावभर गेलं होतं.

गलका उठला. त्यात बबिता पुढं आली. "माझी पोरगी तुमच्या शेताच्या वाटेनं शाळेला जाती, पाटील. मला का न्हाई सांगितलं?"

अमृतरावांनी ग्रामसेवकाच्या हातून रजिस्टर ओढून मिटलं.

तिसऱ्या दिवशी सिद्धम्माच्या घराला कुलूप होतं. आठवड्यानं अमृतरावांना तिचा फोन लागला.

"कुठं हाय व्यंकटी?"

"लांब. कामाला लावला."

"नांदेडला गुरुवारी?"

"आता कुठलं नांदेड, पाटील."

"राहतो कुठं?"

"कामगारांच्या खोल्या हाईत. लई बिऱ्हाडं, लेकरंबाळं. करमतंय त्याला."

"तिथं कुणाला सांगितलंस का? एखाद्या शहाण्या माणसाला तरी?"

"सांगू?" सिद्धम्मा म्हणाली. "तुमाला सांगितलं होतं की."

तिनं गावाचं नाव सांगितलं नाही. अमृतरावांनी पुन्हा फोन लावला. तो नंबर आता बंद आहे. ते रोज लावून बघतात.