माझ्या पॉइंटवर जयवंती

त्या वर्षी माझी ड्युटी हायवेच्या क्रॉसिंग पॉइंटवर लागली होती. चैत्रातल्या देवीच्या जत्रेचा बंदोबस्त. मी तलासरी तालुक्यातली, झरीच्या बाजूच्या पाड्यावरची. होमगार्डमध्ये भरती झाले तेव्हा चौथी पास चालत होतं, म्हणून मला खाकी मिळाली.

होमगार्ड म्हणजे लष्कर नव्हे, हे मला कळतं. पण परेड आहे, हजेरी आहे, हुकूम आहे. निवडणूक असो, पूर असो, जत्रा असो, बोलावलं की जायचं. पोलिसांच्या शेजारी उभं राहायचं. आमच्या हातात काठी आणि शिट्टी. मला बोलायची फार लाज. परेडला नाव पुकारलं तरी तोंडातून 'हजर' नीट निघत नसे. शिट्टी मिळाली तेव्हा बरं वाटलं. ती वाजवायला शब्द लागत नाहीत.

जयवंती माझी जोडीदार. डहाणूच्या बाजूची. लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहायची. माझ्या वाटचं बोलणं तीच बोलायची. "हिचं पण हजर धरा, सर, ही मनात बोलली," असं परेडला सांगायची. ट्रकवाल्यांना गुजरातीत झापायची, पोरांना मराठीत, आणि मला दोन्हीत. माझी मुलगी दर्शना तिला मावशी म्हणायची. मी ड्युटीवरून उशिरा आले तर दर्शना आधी विचारायची, मावशी जेवली का.

जत्रेत जयवंती देवळाजवळ, बायकांच्या रांगेला होती. तिथे सावली होती, पाणी होतं. मी रस्त्यावर. पायी येणाऱ्या माणसांना थोपवायचं, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या की पलीकडे सोडायचं. दिवसभर तेच काम.

दर्शनाचं लग्न त्याच दिवसांत ठरलं. मुलगा वेवजीचा. लग्न लावणारी आमची धवलेरी म्हातारी बाई. तिने आधीच सांगितलं, आईबापाचं लग्न लागलेलं नाही, तर लेकीचं कसं लावू? आमच्याकडे असं खूप घरांत असतं. माणसं संसार सुरू करतात, पोरं होतात, विधी राहून जातात. माझेही राहिले होते. म्हणून ठरलं, सकाळी आमचं लावायचं, दुपारी दर्शनाचं. एकच मांडव.

पलटण नायक सरांकडे सुट्टी मागायला गेले. जयवंती सोबत आली. मागायचं तिलाच होतं.

"कोणाचं लग्न?" सरांनी विचारलं.

"हिच्या मुलीचं, सर."

"माणसं कमी आहेत. बाईला सकाळी तरी पाठव."

"सकाळी हिचं आहे, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. ते आमच्या भागातले नव्हते. जयवंतीने त्यांना सगळं समजावलं. ऐकून ते हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

"क्रॉसिंगला कोण उभं राहणार?"

"मी, सर. माझ्या लाईनला शेवंती."

"ठीक आहे."

तेवढ्यावर ड्युटी बदलली. बाहेर आल्यावर जयवंती म्हणाली, ड्युटी सुटली की तशीच युनिफॉर्मवर येते. ताडी ठेव माझ्यासाठी. आणि नवरीला सांग, मावशी आल्याशिवाय निघायचं नाही. मग मला कोपर मारून म्हणाली, "तू पण नवरी आहेस गो. तू पण पळू नकोस."

लग्नाच्या सकाळी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, देवीचं चित्र, लिहून झाला होता. धवलेरी गात होती. दर्शनाचा बाबा बाशिंग बांधून मान खाली घालून बसला. पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, नवरा लाजतो, नवरीचे केस पिकलेत, आता उशीर नको. दर्शनाने मला हळद लावली. मग आमचं लागलं, आणि मी तिला हळद लावली. इतकं हसणं आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मीही हसत होते. ती वेळ मला नंतर कळली. साडेदहा झाले असतील.

दुपारी वेवजीची माणसं आली. दर्शनाचं लग्न लागलं. जेवणं सुरू होती तेव्हा आंब्याच्या झाडांमधून खाकी कपडे येताना दिसले. दर्शना उठून उभी राहिली. "मावशी आली," म्हणाली.

ती आमच्या पलटणीतली शेवंती होती, जयवंतीच्या लाईनला लावलेली. टोपी तिच्या हातात होती. युनिफॉर्मवर असताना उघड्यावर आम्ही टोपी काढत नाही. मी मांडवाबाहेर गेले.

"काय झालं?"

"जयवंतीताई गेली, ताई."

"केव्हा?"

"सकाळी. साडेदहाला."

"कुठे?"

"क्रॉसिंगला."

शेवंतीने मला रिपोर्ट दिला तसा इथे लिहिते. पायी आलेल्या बायकांचा जथा रस्त्याकडेला थांबवलेला होता. जयवंतीने हात वर करून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि बायकांना सोडलं. थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने एक टेम्पो पुढे घुसला. त्याला बायका दिसल्या नाहीत. जयवंतीला टेम्पो दिसला. तिने पुढच्या दोघींना मागे ढकललं. त्या पडल्या, त्यांना खरचटलं. जयवंती रस्त्यात राहिली.

देवळाजवळ हवालदारांच्या वॉकीटॉकीवर शेवंतीने ऐकलं. "क्रॉसिंगवर लेडी होमगार्ड जखमी. गाडी पाठवा." थोड्या वेळाने दुसरा आवाज. "गाडी सावकाश येऊ दे." त्यावरून तिला कळलं.

दर्शनाचा बाबा मागून आला होता. त्याने ऐकलं.

"पोरीला सांगायचं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ती निघेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

मी आयुष्यात दिलेला तो एकच हुकूम. शेवंतीला म्हटलं, टोपी घाल, आत ये, जेव. ती जेवायला बसली. दर्शना स्वतः तिला वाढायला आली आणि तिने विचारलं, मावशी केव्हा सुटणार? शेवंतीने माझ्याकडे बघितलं.

"रिलीव्हर आला की," मी म्हणाले.

त्यानंतर संबळ वाजत राहिलं. बायकांनी मला हाताला धरून नाचात ओढलं. मी नाचले. पाय चालत होते. प्रत्येक वेळी रस्त्याच्या बाजूला तोंड झालं की मला झाडांत खाकी दिसायची. मी बघायची, तिथे कोणी नसायचं.

ऊन उतरलं. मुलाचा काका घाई करायला लागला. दर्शना वऱ्हाडाच्या टेम्पोजवळ उभी राहिली आणि चढेना. मावशीला भेटल्याशिवाय जात नाही म्हणाली. काका म्हणाला, आता काय हिच्या मावशीला आणायला पोलीस पाठवायचे का? लोक हसले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जा बाय. ती येईल वेवजीला."

ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी युनिफॉर्म चढवून जयवंतीच्या पाड्यावर गेले. सर होते, सगळी पलटण होती. आम्ही रांगेत उभ्या राहून सॅल्यूट केला. माझ्या हाताची हळद निघाली नव्हती. तो पिवळा हात कपाळाला लावून मी उभी होते आणि सगळे बघत होते.

दर्शना माहेरी आली तेव्हा काय सांगायचं याची मी मनात तयारी केली होती. तिने मला बोलू दिलं नाही. तिला त्याच संध्याकाळी टेम्पोत कळलं होतं. कोणाच्या तरी मोबाईलवर फोटो आला होता. ती तशीच बसून राहिली, सासरी उतरली, ओवाळून घेतलं.

"तू मला वाट बघायला लावलीस, आई," एवढंच म्हणाली. आणि बराच काळ ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी तिला दोष देत नाही. सांगितलं असतं तर ती हळदीच्या अंगाने धावली असती, लागलेलं लग्न मोडलं असतं. नाही सांगितलं तर असं झालं. तिसरी वाट मला अजून सापडलेली नाही.

पुढच्या जत्रेला मी क्रॉसिंग पॉइंट मागून घेतला. वयोमर्यादा संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. थांबलेल्या ट्रकच्या डाव्या अंगाला आधी बघायचं, हे नव्या मुलींना मी शिकवलं. तेवढं बोलायला मला जमलं.

लग्नाचा दिवस आमच्या घरी कोणी साजरा करत नाही, ना लेकीचा ना आमचा. त्या दिवशी मी जयवंतीच्या आईकडे जाते. तिला आता नीट दिसत नाही. मी बसले की ती माझे हात हातात घेते, बोटं चाचपते आणि दरवर्षी तेच विचारते. मी नुसती मान हलवायची, आणि तिला ती दिसायची नाही.

गेल्या वर्षी दर्शना स्वतःहून म्हणाली, मी येते. पोराला सासूकडे ठेवून वेवजीहून आली. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. म्हातारीने हात धरले ते दर्शनाचे. तिला वाटलं माझेच.

"लग्न नीट लागलं ना गो त्या दिवशी?"

"लागलं, आजी," दर्शना म्हणाली. "सगळं नीट झालं."

"मग बरं," म्हातारी म्हणाली. "जयवंती निघताना सांगून गेली होती, आज दोन लग्नं आहेत, काही अडता कामा नये."

दर्शनाने हात काढून घेतले नाहीत. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत तिथे बसलो.