पाठराखीण म्हणून कॅनडात

"हे माही आई नोय! हे मोठी हाये!"

माझी पावणेपाच वर्षांची नात विमानतळाच्या दारात ओरडली आणि माझ्या कोटामागे लपली. समोर माझी लेक हात पसरून उभी. नातीनं आई आजवर मोबाइलमध्ये पाहिलेली, वीतभर उंचीची. आणि पोरीचा आवाज आमच्या घराण्याचा. अकोल्यात ओरडली तर पातूरच्या लेण्यांतली वटवाघळं उडतात. अर्धा कॅनडा थबकला. विजेच्या खांबाएवढा एक पोलीस आला. लेकीनं कागद दाखवले. ते वाचून त्याची खात्री पटली. नातीला वाचता येत नव्हतं.

नात दहा महिन्यांची असताना लेक-जावई तिला आमच्याकडे अकोल्याला ठेवून गेले. दोघांच्या नोकऱ्या, परक्या देशात पोर सांभाळायला कोणी नाही. एक वर्ष म्हणता म्हणता चार झाली. आता तिला पोचवायची होती. आमची ही अमरावतीची, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. पण गुडघ्यांपुढे हरली. म्हणून मी निघालो. नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते, चार दिवस राहते आणि ती रुळली की परत येते. मिशावाली पाठराखीण वऱ्हाडात मीच पहिली असेन.

फरक एवढाच की आपल्याला कुठं नेतात हे नवरीला ठाऊक असतं. नातीला मी सांगितलं होतं, पंधरा दिवस फिरू आणि दोघंही घरी येऊ. तिकीट मात्र माझं एकट्याचंच परतीचं होतं.

जन्मभर मी थापा मारत आलो. विमानातही सांगितलं, हे धामणगावला डिझेल भरायले थांबते, म्हणून उशीर होते. ती म्हणाली, "आबा, फेकू नका." ही थाप तिनं क्षणात पकडली. परतीची तेवढी खरी धरली.

पंधरा दिवस ती आईशी पाहुण्यासारखी वागली. आईला "तुमी" म्हणायची. "तुमी चांगला भात करता," असं तिनं सांगितलं तेव्हा लेक नळ सोडून भांड्यांकडे तोंड करून उभी राहिली. भांडी सगळी घासलेली होती. रोज संध्याकाळी नात आपला फ्रॉक माझ्या बॅगेत ठेवायची. ती झोपली की लेक तो काढून घ्यायची. मी पाहायचो. माझ्यासारख्या बोलघेवड्याला तोंड उघडता आलं नाही, हे अकोल्यात कोणी खरं मानणार नाही.

जावई म्हणाले, "बाबा, ती शाळेत असताना निघा. सांगितलं तर ती तुम्हाला सोडणार नाही."

पाठराखीण अशी पळून जात नाही. तिची ओटी भरतात, नवरी गळ्यात पडून रडते, मग ती निघते. मी सकाळी नातीला नव्या बालवाडीच्या दारापाशी सोडलं. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली.

"घ्यायले तुमीच या, आबा."

"येतो," मी म्हणालो.

त्याहून छोटी थाप मी आयुष्यात मारली नाही, आणि त्याहून मोठीही नाही. त्या दुपारी शाळेच्या दारात कोण उभं होतं आणि ती कोणाला शोधत होती, हे मी लेकीला आजवर विचारलेलं नाही.

पुढं महिनाभर ती फोनवर आली नाही. मग एका संध्याकाळी आली, तिकडं सकाळ होती. तिच्या मागं खिडकीत बर्फ दिसत होता. मी सुटलोच. गच्चीवर मोर आला होता, तुले विचारत होता, आजीनं त्याले चहा पाजला, बशीत. ती हसली नाही आणि फेकू नका असंही म्हणाली नाही. मग मी घाईघाईत म्हणालो, "उन्हाळ्यात येतो ना मी तुह्याकडे. तिकीट काढूनच राहिलो."

"नका येऊ, आबा," ती म्हणाली. "मंग तुमी जाता."