आमच्या ॲपची लाल पट्टी

मित्रांनो, आरोग्य सर्वेक्षणाचं आमचं ॲप कसं चालतं, ते पाहायला आज आंबागडला गेलो होतो. नेटवर्क गेलं की स्क्रीनवर लाल पट्टी येते. ती मीच बसवली. भरलेली माहिती फोनमध्ये राहतेच, पण पट्टी ते सांगत नव्हती.

तिथल्या किल्ल्याखालच्या वस्तीत नेटवर्क सारखं येतं-जातं. पट्टी दिसली की घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्या आशाताईंना वाटे, सगळं पुसलं. मग परत पहिल्यापासून प्रश्न.

"आजी, लेकरं किती झाली?" एका अंगणात आशाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हातारी चिडली. "काहून परत परत इचारून राहिली, बाई? एक मेला म्हणून कितीदा सांगू?"

घरी येऊन पट्टीवर लिहिलं, 'माहिती जपून ठेवली आहे.' दोन मिनिटांचं काम.

ॲप बनवणाऱ्यांनो, तुमची पट्टी कोणाच्या अंगणात जाऊन पाहिली का कधी?