खंडेनवमीला मेन खींचला

आता काय सांगू तुम्हाला, काही चुका माणूस करतो आणि काही चुका माणूस जपून ठेवतो. मी माझी चूक चक्क नक्कल काढून जपली होती. चहा घ्या हातात, आणि कप पूर्ण भरून घ्या. का ते पुढे कळेल.

आमचे बाबा इंदूरच्या एका मिलमध्ये विणाईखात्यात सुपरवायझर. मिल बंद पडली, पण बाबांच्या अंगातली पाळी काही बंद पडेना. सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचे, आईकडून डबा भरून घ्यायचे आणि गच्चीत बसून एकटेच खायचे. हसणं तर पार विसरले होते. आई मला म्हणायची, "तू इतका कंप्यूटर शिकलास ना, मग बाबांचं काही करून दाखव."

मी नुकताच डिप्लोमा केला होता. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा कंप्यूटरवाल्याचा भाव डॉक्टरच्या खालोखाल, आणि माझ्या मते तर वरच. योग असा की कपडा मार्केटमधल्या एका सेठजींना कंप्यूटरचं मशीन घ्यायचं होतं. नवीन नवीन कंपन्या आलेल्या, त्यांना हाताने लिहिलेलं बिल चालेना. मशीन मी बसवून दिलं आणि बिलं करायला कपड्याची पारख असलेला माणूस म्हणून बाबांना चिकटवून दिलं. सेठजी म्हणाले, "दिवाली तक देखते हैं भिया. जमा तो ठीक, नी तो राम राम."

सेठजी माणूस चांगला. पण चहा! किटली स्वतःच्या हातात ठेवायचे, स्वतः ओतायचे, आणि कप अर्ध्यावर आला की हात असा थांबायचा जणू आत कोणी ब्रेक लावलाय. वरून ओरडायचे मात्र सढळ हाताने.

मशीन बसवलं त्या दिवशी सेठजी जेवायला घरी गेलेले. मी बाबांना दाखवत होतो की मिनिटभर हात लावला नाही की स्क्रीनवर आपोआप अक्षरं सरकायला लागतात, आणि ती आपण हवी ती लिहू शकतो. नमुना म्हणून मी एक ओळ टाइप केली. ती वाचून बाबा इतके हसले, इतके हसले की धोतराने डोळे पुसले. मिल बंद झाल्यावर पहिल्यांदा हसले हो. मला इतकं बरं वाटलं की त्याच भरात मी मशीनच्या रजिस्ट्रीची एक नक्कल काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. रजिस्ट्री म्हणजे मशीनची स्मरणशक्ती समजा: कोणता प्रिंटर, कोणता रंग, कोणती ओळ, सगळं तिच्यात. ती बिघडली की मशीन सुरूच होत नाही. नक्कल काढली, मग ती ओळ पुसून तिथे 'शुभ लाभ' लिहिलं आणि सगळं विसरून गेलो.

आली खंडेनवमी. मिलमध्ये त्या दिवशी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, बंद ठेवून हळदकुंकू वाहायचे. बाबा हार, नारळ, हळदकुंकू घेऊन दुकानात गेले. पाहतात तर सेठजींनी मशीन चालू करून ठेवलेलं, बिल अर्धवट. चालू मशीनची पूजा? बाबांच्या शास्त्रात बसेना. त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खींचला, मॉनिटरला हार घातला, कीबोर्डवर अक्षता टाकल्या आणि प्रसाद वाटला.

झालं. मशीन पुन्हा उठेना. मला निरोप आला.

"बाबा, मेन का खींचला?" मी विचारलं.

"अरे, चालू मशीनला कुंकू लावतात का कोणी? हात जातो माणसाचा."

"आणि मग किती वेळा बंद-चालू केलं?"

"उठेपर्यंत," बाबा म्हणाले.

म्हणजे रजिस्ट्री तर गेलीच, मशीन स्वतः तिची जी एक नक्कल ठेवतं, तीही गेली. कीबोर्डमधून अक्षता काढत मी बसलो. दिवाळीची बिलं अडकलेली, सेठजी मागे फेऱ्या मारत होते आणि बाबा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे. त्यांचा चेहरा पाहून मला गच्चीतला डबा आठवला. ही नोकरी गेली असती तर ते परत त्या डब्याकडेच गेले असते.

आणि मला आठवली माझी नक्कल! छाती अशी फुगली म्हणता. काळ्या स्क्रीनवर मी कमांडी बडवायला सुरुवात केली, गरजेपेक्षा जरा जोरातच, कारण सेठजी बघत होते.

"बेटा, पेले जैसा हो जाएगा?"

"सेठजी, बिलकुल पहले दिन जैसा. एक चीज़ इधर की उधर नहीं होगी."

देवा, काय ही जीभ माझी!

मशीन उठलं. बिलं जिथल्या तिथे. फक्त बाबांनी हौसेने लावलेलं खजरान्याच्या गणपतीचं चित्र जाऊन कोरी हिरवी स्क्रीन आली होती. बाबा म्हणाले, "अरे, गणपती कुठे गेला?" मी म्हटलं, "येईल हो, तुम्ही बसा ना." शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं की गणपती गेला त्याअर्थी त्याच्या आधीचं काहीतरी परत आलंय.

सेठजी खूश. किटली आली. आम्ही तिघं मशीनसमोर बसलो, सेठजींनी तीन कप अर्धे अर्धे भरले आणि हात थांबला. मशीनला कोणी हात लावत नव्हतं. मिनिट झालं.

स्क्रीन काळी झाली आणि उजवीकडून इंग्रजी अक्षरं सरकत आली. सेठजींनी चष्मा चढवला. "सेठजी... की..." ते कौतुकाने म्हणाले, "अरे वा, अपना नाम!"

"चाय..."

मी माऊसकडे हात नेणार, तेवढ्यात बाबांनी मिलच्या सवयीने जे करायचं तेच केलं. उठले आणि मेन खींचला.

अंधार. सेठजी शांतपणे म्हणाले, "पाटिलजी, पूरा तो पढ़ने देते. चालू करो."

चालू केलं. मी मनात म्हणतोय, आता बिघड रे बाबा, आता तरी बिघड. पण माझं काम इतकं पक्कं झालं होतं की मशीन ठणठणीत उठलं. सेठजींनी हाताची घडी घातली. "अब कोई हाथ नी लगाएगा." आणि आम्ही तिघं ते मिनिट बसून राहिलो. सत्यनारायणाची कथासुद्धा मला कधी इतकी लांब वाटली नव्हती.

आली ओळ. सेठजींनी एकेक शब्द वाचला. "सेठजी की चाय आधी, डाँट पूरी."

ओळ पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागली.

"किसने लिखा?"

बाबा उभे राहिले. "मेरी पाली में हुआ सेठजी. जवाबदारी मेरी."

मिलमध्ये पाळी ज्याची, चूक त्याची. मी म्हटलं, "नहीं सेठजी, मैंने लिखा. बाबा तो सिर्फ हँसे थे."

आता हे शेवटचं वाक्य सांगायची काही गरज होती का?

सेठजींनी बाबांकडे पाहिलं. मग किटली उचलली आणि बाबांच्या कपात ओतायला लागले. कप भरला, बशीत सांडला, तरी हात थांबेना. "पाटिलजी, दिवाली के बाद भी आना. पर मेन को हाथ मत लगाना."

मी आशेने माझा कप पुढे केला.

सेठजींनी किटली खाली ठेवली. "तेरी आधी तो हो गई बेटा," ते म्हणाले आणि गादीवर नीट मांडी घालून बसले. "अब पूरी ले."

आणि तो सगळा वेळ बाबा शेजारी बसून बशीतल्या चहावर फुंकर मारत, धोतराने डोळे पुसत हसत होते.