सुभेदारांचे उदक

साऱ्या सांगलीत ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन दिशा केवळ आमच्या शेजारच्या सुभेदारांनाच दिसतात. आमचे विश्रामबाग हे उपनगर तळहातासारखे सपाट. परंतु सैन्यातून निवृत्त होऊन हे गृहस्थ येथे घर बांधून राहिले आणि आमच्या गल्लीला चढउतार प्राप्त झाले. दूध ‘वरच्या अंगाला’ मिळते, औषधाचे दुकान ‘खाल्लाकडं’ आहे. एकदा रिक्षावाल्याला ते म्हणाले, “हितनं सरळ वर घे.” तो मान मागे टाकून आभाळाकडे पाहू लागला. “काका, वर कुठाय?” “सांगलीत जलमलास न्हवं गड्या, तुला कसं दिसंल,” सुभेदार कळवळून म्हणाले.

हे चढउतार पाटणच्या पलीकडील कोयनेच्या खोऱ्यातले. सुभेदारांचे गाव तेथे धरणाच्या जलाशयाखाली आहे. गाव उठले तेव्हा ते आईच्या कडेवर होते, म्हणजे पाहिलेले असे त्यांना काहीच आठवत नाही. जे आठवते ते सारे आईचे. परंतु वेद जसा मुखपरंपरेने यावा, तसे ते गाव त्यांच्याकडे अक्षरन् अक्षर आलेले आहे. उन्हाळ्यात कोणी फणस आणून दिला, की ते एक गरा तोंडात टाकून मान हलवतात, “आमच्या परड्यातल्या फणसाची सर न्हाई.” मी एकदा भीत भीत विचारले, “आपण तो खाल्ला होता?” “मी कवा खानार गुरुजी? आयनं खाल्ला हुता.” प्रमाण म्हणून हे त्यांना पुरेसे असते.

असा माणूस घराची वास्तुशांत करीना, हे त्यांच्या पत्नीचे दुःख होते. नात रांगू लागली, तरी ते हो म्हणेनात. गल्लीतली पूजाअर्चा माझ्याकडे, म्हणून वहिनी मला म्हणाल्या, “आवं गुरुजी, तुमीच सांगा ह्यास्नी. आजून किती दीस पावन्यावानी ऱ्हायचं माज्याच घरात? हितं डोळं मिटलं तर म्हनतील, परक्या घरात गेली.”

मी सांगावयास गेलो. सुभेदारांनी सारा विधी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “संकल्पात गावाचं नाव घेता न्हवं? मग आमचं घ्या.” मी म्हणालो, “जिथे बसलो, तेच स्थान सांगावे लागते. देवापुढे अन्यथा बोलता येत नाही.”

“आन मग?”

“मग हातातले पाणी ताम्हनात सोडायचे.”

“गावावर येकदा पानी सुटलंय, गुरुजी,” ते म्हणाले. “आता माज्या हातनं बी सोडाय लावताय व्हय?”

मी उठून घरी आलो.

पुढे एका सकाळी घाटावर अर्घ्य देताना ओंजळीतल्या पाण्याकडे पाहिले आणि मनात आले, की जिला आपण जन्मभर कृष्णा म्हणत आलो, ती एकटी कोठे आहे? कराडला कोयना तिला येऊन मिळते, आणि तेथून पुढे दोघींचे पाणी कोणालाही वेगळे करता येत नाही. तसाच ओल्या धोतराने सुभेदारांच्या दारी गेलो. “संकल्पात ‘कोयनासंगतायाः कृष्णायाः तीरे’ असे म्हणतो. कोयना जिला मिळाली, त्या कृष्णेच्या काठी.”

“ह्यात खोटं न्हाई न्हवं?”

“अक्षरही नाही.”

“मग काडा म्हूर्त,” ते म्हणाले. वहिनी पदराने डोळे पुसत आत गेल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी सुभेदार सोवळे नेसून पाटावर असे ताठ बसले, जणू पथसंचलनास निघाले आहेत. त्यांच्या उजव्या दंडाला हात लावून वहिनी बसल्या. मी स्थानाचे शब्द सावकाश उच्चारले. संकल्प पूर्ण झाला, तरी सुभेदारांची मूठ मिटलेलीच. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागले.

“आवं, सोडा की आता,” वहिनी हळूच म्हणाल्या. “गळाय लागलंय.”

त्यांनी हात उघडला. उरले होते ते थोडेच, ताम्हनात पडल्याचा आवाजही झाला नाही. परंतु सुभेदार रिकामा तळवा तसाच उताणा धरून, मान किंचित कलती करून, त्या पाण्याखालून काही ऐकू येते का असे कान देऊन बसले. आणि पुढचा मंत्र मुखात तयार असूनही तो म्हणण्याची घाई मला करवेना.