आमचा चढाईचा गडी

मधल्या रेषेवर आला की तो थांबायचा. दोन्ही तळवे मांड्यांवर पुसायचा आणि समोरच्या सात जणांना म्हणायचा, "संबालून रे, येतोय." मग दम घेऊन 'कबड्डी, कबड्डी' करत आत शिरायचा. चढाईआधी असं बोलू नये, हे सांगून पंच थकले. "सांगितल्यालं बरं," तो म्हणायचा. "कोन चेंगारला म्हंजे?"

चेंगरण्याची भीती खरीच होती. तो पोलादपूरच्या नाक्यावर ट्रक भरायचा, उतरवायचा. कशेडी घाटात दरड कोसळली की मुकादमाचा पहिला निरोप त्याच्या वाडीवर जायचा. आमच्या संघासाठी महाडच्या बाजारातून बनियनी आणल्या, त्यातली एकही त्याला होईना. शेवटी शिंप्याने दोन जोडून एक शिवली. त्यामुळे त्याच्या पाठीवर पाच आणि आठ असे दोन आकडे आले. "हा पाच नंबर की आठ?" असं पंचांनी विचारलं की तो गंभीरपणे सांगायचा, "दोनी."

तुम्ही कबड्डी पाहिली असेल तर म्हणाल, एवढा गडी पकडीला ठेवावा. आम्हीही आधी तेच केलं. पण समोरचा गडी हाताशी आला की याला त्याच्यावर अंग टाकवत नसे. "मोडंल ना रे कुटं," म्हणून तो हात सैल सोडायचा. मी कप्तान होतो. सगळ्यांचा विरोध पत्करून मी त्याला चढाईला धाडायला लागलो. चपळाई त्याच्यात नव्हतीच. पण त्याला अडवायला चार-पाच जणांना लटकावं लागायचं, आणि ते लटकलेले असतानाच तो मागे वळून रेषेकडे चालू लागायचा. रेषेला हात टेकला की लटकलेले सगळे बाद! अडचण फक्त दमाची होती. म्हणून नाक्यावर पोती वाहतानाही मी त्याला 'कबड्डी' म्हणायला लावलं. ट्रक ड्रायव्हरांना वाटायचं, हमालाला वेड लागलं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आमच्या संघात बाजारातली पोरं होती, आळीतली होती, आणि तो बौद्धवाडीतला. आमच्यात जातीची कधी चर्चा झाली नव्हती. मग आम्ही एका गावात सामना खेळायला गेलो. गावाचं नाव कशाला घ्या.

तिथे तो आत शिरला की सगळे मागे सरायचे. तो कोणाला तरी शिवून सावकाश परत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा तेच. आम्ही मोठ्या फरकाने जिंकलो. परतताना ट्रकच्या हौद्यात पोरं गाणी म्हणत होती. हा एकटाच कोपऱ्यात बसला होता.

"काय रे, जिंकलो ना आपण?" मी विचारलं.

"धरलाच नाय कुनी."

"घाबरले तुला."

"घाबरल्याला मानूस तोंडाकडं बगतो," तो म्हणाला. "ही सारी माज्या हाताकडं बगत व्हती."

माझं कोपर सोलवटलं होतं. बाकीच्यांना त्या गावाने धरलं होतं, आपटलं होतं, सगळे मातीने माखले होते. त्याच्या जोडबनियनीवर मात्र एक डागसुद्धा नव्हता. गाणी हळूहळू थांबली.

पुढच्या वर्षी पोलादपूरला सामने भरले, तेव्हा तोच संघ आला. त्यांच्याशी खेळूच नये, असं आमच्यातले काही म्हणाले. त्याने एवढंच म्हटलं, "येऊ दे. बगू."

त्यांच्या डाव्या कोपऱ्यात या वेळी एक काटक माणूस होता, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला. सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईला मी याला धाडलं. तळवे पुसून, सांगून-सवरून तो आत गेला. गेल्या वर्षीसारखे सगळे मागे सरले, पण कोपऱ्यातल्या त्या माणसाने खाली वाकून सरळ त्याच्या कमरेला मिठी मारली. एकट्याने काय होणार? त्यालाही घेऊन हा वळला. तेव्हा तो माणूस ओरडला, "बगता काय भडव्यांनो? धरा की!"

क्षणभर कोणी हललं नाही. मग एकाने पाय धरला. दुसऱ्याने खांद्यावर उडी घेतली. मग सगळेच तुटून पडले. त्या सगळ्यांना ओढत तो रेषेकडे सरकत होता. गुडघ्यांवर आला, मग पोटावर. रेषा वीतभर राहिली आणि दम तुटला.

आम्ही हरलो. वरचे गडी उठले तरी हा पालथाच. खांदे गदगदत होते. काही मोडलं असेल म्हणून मी धावलो. उताणा केला तर हा हसत होता. तोंडात माती, डोळ्यांत पाणी.

"सगल्यांनी धरला रे मला," तो म्हणाला. "सगल्यांनी!"

कोपऱ्यातल्या माणसाने त्याला उठवायला हात दिला, पण हा काही उचलेना, म्हणून तो माणूसच शेजारी बसला. दोघे धापा टाकत बसून राहिले. संध्याकाळी नदीवर चल म्हटलं तर हा येईना. अंगावरच्या मातीकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे जरा."

पावसाळ्यानंतर तो मुंबईला गोदीत कामाला गेला. एकदा सुट्टीवर आला तेव्हा 'अपुन, अपुन' करायला लागला होता. चार पावलं चालला की थांबून छाती चोळायचा. पुढे काही वर्षांनी तो तिकडेच वारल्याचं कळलं. आम्हाला कळेपर्यंत सगळं उरकलंही होतं.

तो मुंबईला गेला त्या हिवाळ्यात आमचा पहिला सामना सव गावी होता. त्याच्या जागी एक किरकोळ अंगाचा नवा गडी घेतला होता. ऐन मोक्याला मी मागे न बघताच, त्याला म्हणायचो तसं म्हणालो, "जा रे, भाऊ." माझ्या बाजूने कोणीच पुढे गेलं नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. मी वळून पाहिलं. नवा गडी गोंधळून मधोमध उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एरवी एकमेकांना खेटणारी आमची पोरं, तो असतानाच्या सवयीने, हातभर जागा सोडून उभी होती.