मागच्या रांगेतला फिटर

कारखान्याच्या नकाशे काढायच्या खात्यात त्यांना सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी ते खिशातून पट्टी काढत. कारखाना बंद झाला, रिकामे दिवस खायला उठले, तेव्हा त्यांनी एक वेबसाइट उभी केली. तिच्यावर एकच फोटो: बासष्ट कामगार, चार रांगा. चेहऱ्यावर बोट टेकवलं की त्या माणसाचं पान उघडतं. त्यासाठी प्रत्येक चेहऱ्याभोवती न दिसणारा चौकोन आखावा लागतो. कोपऱ्यांचे आकडे त्यांनी एकेक मोजून लिहिले.

तक्रार आली फिटरच्या बायकोची. फिटर म्हणजे वीस वर्षं त्यांच्यासोबत डबा खाणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी वारला.

“भावजी, यांच्या तोंडावर बोट ठेवलं की तुम्हीच उघडता.”

“मोबाइलवर फोटो आकसतो, वहिनी. चौकोन आकसत नाहीत. करतो दुरुस्त.”

“लवकर करा. उजवा डोळा गेलाच, डाव्याचा महिनाभराचा भरवसा, म्हणाले डॉक्टर. यांच्याबद्दल काय लिहिलंय ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय.”

फोटोबरोबर आकडेही लहानमोठे होतील अशी सोय त्यांनी केली. एकसष्ट चेहरे बिनचूक उघडू लागले. फिटरच्या जागी पुन्हा मिलीमीटरच.

“जिवंतपणी असंच होतं,” वहिनी म्हणाल्या. “हाक यांना मारावी, ओ तुम्ही द्यावी.”

तिसऱ्या दिवशी चूक सापडली. दोन चौकोन एकमेकांवर चढले, तर यादीत जो आधी लिहिलेला तोच उघडतो. यादीत पहिले ते स्वतः; चौकोनही खांद्यांसकट ऐसपैस. मागे उभ्या फिटरचा चेहरा त्यात अख्खा बुडाला होता. दुसऱ्या कुणाचा चौकोन त्यांनी इतका सैल सोडला नव्हता.

तो आवळणं दोन मिनिटांचं काम. पण फिटरचं पान कोरं होतं. माणसं कमी करायचं ठरलं तेव्हा यंत्रांच्या नव्या मांडणीचा नकाशा त्यांनीच काढला होता. त्यात फिटरचं टेबल नव्हतं. फिटरला कामावरून काढेपर्यंतचे पुढचे सहा महिने ते त्याच्या शेजारी बसून जेवले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटी त्यांनी पानावर एकच ओळ लिहिली: ‘तुझं टेबल नकाशात नाही, हे मला सहा महिने आधी माहीत होतं.’ चौकोन आवळला आणि फोन केला.

“वहिनी, आता बघा.”

वहिनींनी पान उघडलं. मग “वाचलं,” एवढंच, आणि फोन बंद.

त्याला चार महिने झाले. वहिनींचा फोन आलेला नाही. ते रोज सकाळी फिटरच्या चेहऱ्यावर बोट ठेवून पाहतात. पान बरोबर उघडतं.